साठ मायक्रॉन

५ जानेवारी

सामान लागलं. चाळीस वर्षांनी नगरला राहायला आले. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे, पण रिक्षावाल्याने "नगरात कुठं जायचं, मावशी?" असंच विचारलं आणि मला माहेरी आल्यासारखं वाटलं. सावेडीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. मागे मोरी, मोरीला लागून शेवग्याचं झाड, त्यावर सकाळपासून साळुंक्यांची भांडणं. इथली थंडी कोरडी, कडक इस्त्रीच्या युनिफॉर्मसारखी. भंडारदऱ्याला धरणाच्या क्वार्टरमध्ये वीस वर्षं काढली, तिथली थंडी ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटायची.

ह्यांना खिडकीशी खुर्ची दिली. प्रवासात शांत होते. एकदाच मला, "बाई, आपलं स्टेशन कुठलं?" असं अदबीने विचारलं. चेहरा ओळखत नाहीत त्याला दोन वर्षं होतील. आवाजही नाही. पण माझं उजवं मनगट त्यांच्या हातात दिलं की अंगठा आणि दोन बोटं आपसूक जागेवर बसतात. धरणाच्या भिंतीवरून पावसात चालताना धरायचे, तशीच. मग कपाळावरची आठी जाते. तेवढ्या दोन इंचांत मी अजून त्यांची बायको आहे. डॉक्टर म्हणाले होते, हेही एक दिवस जाईल. जाईल तेव्हा बघू. आज आहे.

शेजारच्या मुक्ताबाई दिवसा ह्यांच्याजवळ बसायला तयार झाल्या आहेत. बोलक्या आहेत. "साहेब लई गुणी दिसत्यात, आमच्यातल्यासारखं वसवस करत न्हाईत," असं त्यांनी पाच मिनिटांत ठरवूनही टाकलं.

८ जानेवारी

नोकरीचा पहिला दिवस. नागापूरच्या एमआयडीसीत, आतल्या गल्लीत एक जुनी शेड. बाहेरून रंग उडालेली, आतून मात्र झाडून-पुसून लख्ख. इथे अ‍ॅल्युमिनियमच्या भागांवर हार्ड अ‍ॅनोडायझिंग करतात, म्हणजे यंत्रांचे रोलर, पंपांची अंगं, सिलिंडर वगैरेंवर कठीण थर चढवतात. माझं काम प्रयोगशाळेचं: आम्लाची तीव्रता तपासायची, तयार मालाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायची आणि कार्डावर सही करायची. नाशिकला बारा वर्षं असंच काम केलं, त्यामुळे नवीन काही नाही. तरी साठीच्या उंबरठ्यावर कुणी पुन्हा टेबलखुर्ची देतं याचं अप्रूप वाटलं.

मालक आप्पासाहेब यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता. साठ मायक्रॉनचा थर दिला तर तुकडा कितीने फुगेल? मी म्हटलं, प्रत्येक बाजूला तीसने. उरलेले तीस धातूच्या आत जातात. ते हसले आणि उद्यापासून या म्हणाले. पुष्कळांना हे माहीत नसतं. लोकांना वाटतं हा रंग आहे, वरून मारलेला. तो धातूतूनच उगवतो. थंडगार आम्लात तुकडा टांगायचा, वीज सोडायची, की तुकड्याचा पृष्ठभागच हळूहळू खडा होत जातो. निम्मा बाहेर वाढतो, निम्मा आत. कानशीने ओरखडा उठत नाही, आणि वीज त्यातून जात नाही. उष्णताही फारशी नाही.

टाक्या सांभाळणारा मच्छिंद्र म्हणून आहे, चाळिशीचा, मिरजगावचा. त्याने सगळी शेड फिरवून दाखवली. आम्ल गार ठेवणाऱ्या चिलरची घरघर, आम्लाच्या वाफा ओढणारे पंखे. तीन नंबरच्या टाकीत आम्ल शून्य अंशाला ठेवतात. त्याने त्यात उघडा हात घालून एक निसटलेला रोलर काढला. मी ओरडलेच. तो म्हणाला, "ह्याला काय हुतंय, मॅडम. आमच्या हाताला सवय हाय." हात राखाडी होते, पेन्सिलीच्या शिशासारखे. इतक्या वर्षांच्या कामाने असतील.

११ जानेवारी

इथे एक रीत आहे. नवीन माणूस आलं की त्याने घरातली, स्वतःच्या हाताळणीतली अ‍ॅल्युमिनियमची एक वस्तू आणायची आणि तीन नंबरच्या टाकीत टांगायची. आप्पासाहेबांच्या वडिलांपासून चालत आलं आहे. कुणी पातेली आणली, कुणी कडीचा डबा. टांगणी करणाऱ्या विजयमालाने तर ऊसतोडीला नेत असलेली ताटली दिली होती. टांगणी म्हणजे तुकडे जिगला, म्हणजे विजेच्या चौकटीला, चिमट्यांनी घट्ट आवळून लटकवायचे. ती खर्ड्याकडची, तिशी-पस्तिशीची, सहा-सात हंगाम कोयता घेऊन हिंडलेली. मी विचारलं, कशासाठी ही रीत? ती म्हणाली, "टाकीला मानूस कळावं म्हनून. मग ती चावत न्हाई."

मला गंमत वाटली. मिशनच्या शाळेतल्या आमच्या सिस्टर असत्या तर भाबडेपणा म्हणून रागावल्या असत्या, आणि मग गुपचूप स्वतःही काहीतरी आणून टांगलं असतं.

माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचं म्हणाल तर शाळेची पेटी आहे. त्या काळी आम्ही सगळ्या मुली दप्तराऐवजी पेट्याच न्यायचो, रांगेत चालताना त्यांचे आवाज व्हायचे. झाकणावर बाबांनी खिळ्याने माझं नाव कोरलं होतं, सत्यशीला, आणि 'शी'ची वेलांटी जरा लांब गेली होती. आता तिच्यात मी ह्यांच्या गोळ्या ठेवते. दिवसातून दहा वेळा हात लागतो. बिजागरी लोखंडी, ती आम्लात विरघळेल, म्हणून नुसतं झाकण काढून नेईन.

१२ जानेवारी

झाकण टांगलं. मच्छिंद्र म्हणाला, रीतीपुरतं दहा मिनिटं ठेवतात, नुसती झाक येते, आठ-दहा मायक्रॉनची. मला ते पटेना. पातळ पत्रा, रोजचा वापर, दहा मायक्रॉन किती दिवस टिकणार? करायचं तर नीट करावं. तेव्हा साठ मायक्रॉनचा रोलरचा लोड लागत होता. मी म्हटलं, त्याच्याबरोबरच पूर्ण वेळ राहू दे.

मच्छिंद्र जरा घुटमळला. म्हणाला, पूर्ण टाईम इथं कुणीच देत नाही. मी म्हटलं, अहो, पत्रा जळणार नाही, वीज मी बेताने चढवायला सांगते. तो म्हणाला, पत्र्याचं नाही म्हणत मी. मग काय, असं विचारलं तर तो टाकीचं तापमान बघायला वळला. विजयमाला हसून म्हणाली, "शिकल्याली मानसं. त्यास्नी समदं पुरं लागतं." मी कार्डावर लिहिलं: झाकण, नग एक, साठ मायक्रॉन. खाली सही केली.

सव्वा तासाने बाहेर आलं तेव्हा काळंभोर, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं. नाव तसंच, आणखी ठसठशीत. दोन कडांना चिमटे लागले होते तिथे मात्र पांढरे उघडे ठिपके. त्याला इलाज नाही. जिथे पकड असते तिथे थर चढत नाही.

मीटर लावला. साठ. अगदी बरोबर साठ. मला फार समाधान वाटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. मुक्ताबाईंनी तिळगूळ दिला. तळहातावर ठेवला तर हलव्याचा काटा टोचला नाही. म्हातारपण, दुसरं काय. चहाचं भांडं चिमट्याशिवाय उतरवलं, नंतर लक्षात आलं.

ह्यांनी आज मनगट धरून पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, पातळी किती? धरणाचं पाणी मोजायचे ना. मी म्हटलं, भरलं आहे. "मग दरवाजे उघडायला सांगा," म्हणाले आणि हसले. सकाळ फार छान गेली.

१७ जानेवारी

हात काळवंडले आहेत. डाग नव्हे, सगळीकडून सारखा राखाडी रंग. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं करून पाहिलं. हळदीचा हात मात्र लागला तो लागलाच, उजव्या तळव्यावर पिवळा राहिला आहे. ताजा थर असाच असतो, बारीक छिद्रांचा, जे मिळेल ते पितो. हे मी का लिहिलं?

आज शेडमध्ये एक लोड जळला. एका पंपाच्या अंगाचा चिमटा सैल राहिला होता. चिमटा सैल झाला की सगळी वीज त्या एवढ्याशा फटीतून जायला बघते, आणि तिथला धातू खाऊन टाकते. तो तुकडा बाहेर काढला तर चिमट्याच्या जागी पांढरी भुकटी आणि भोक. मच्छिंद्रने विजयमालाला फैलावर घेतलं, की तुझ्या बोटांत जीव न्हाई का? ती शांतपणे म्हणाली, "न्हाईच की. तुझ्या तरी कुटं हाय?" आणि दोघंही हसले. मला ते हसू आवडलं नाही.

१८ जानेवारी

दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत एकटीच होते. सहज मीटर डाव्या तळहातावर टेकवला.

हा मीटर फक्त अ‍ॅल्युमिनियमवर चालतो. लाकडावर, कागदावर, माणसाच्या कातडीवर लावला तर पडद्यावर नुसत्या तीन रेघा येतात. मला ते माहीत आहे, बारा वर्षं माहीत आहे.

बारा आले. पुन्हा लावला. बारा. कोपरावर नऊ. गालावर चार.

नमुन्याच्या तुकड्यावर मीटर तपासून घेतला. मीटर बरोबर आहे.

१९ जानेवारी

सावेडीतल्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण, सौम्य माणूस. संवेदना किती आहे ते पाहायला सुईने टोचतो म्हणाले, डोळे मिटायला सांगितलं. टोचलेलं काही कळेना म्हणून मी डोळे उघडले. सुईचं टोक वाकलं होतं. त्यांनी दुसरी घेतली. तीही. मग मलम लिहून दिलं आणि पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाले. हात मिळवला नाही.

पुण्याला मी काय सांगू? कार्डावर सही केली आहे, असं?

संध्याकाळी मीटर घरी आणला. डावा तळवा सतरा.

२० जानेवारी

विजयमालाला बाजूला घेऊन विचारलं. तिने लपवलं नाही. आपल्या पदराने हात पुसून माझ्यापुढे धरला, मीटर लावू दिला. नऊ. ती म्हणाली, सगळ्यांचं इतकंच आहे. हातापुरतं. थंडी लागत नाही, आम्ल लागत नाही. आणि आतून पण थोडं बरं वाटतं. तिची एक मुलगी फडात, पाचटात झोपवली असताना, ट्रॅक्टरखाली गेली होती. आज भाजी काय केली ते सांगावं, तशा आवाजात ती हे सांगत होती. म्हणाली, "आदी रडू यायचं, बाई. आता येत न्हाई. मला तेवडंच पायजे हुतं."

मी विचारलं, आणि पूर्ण वेळ दिला तर?

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कीव होती, पण लांबची. म्हणाली, निम्मं आत जातं ना, बाई. तुम्हालाच ठावं.

मी विचारलं, पुढे वाढत जातं का? ती म्हणाली, न्हाई, कार्डावर जेवडं लिवलं तेवडंच. मग थांबतं.

साठ.

२१ जानेवारी

थर काढताही येतो. गरम कॉस्टिकमध्ये, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, टाकला की विरघळतो. पण थर धातूचाच असतो, तेव्हा तो जाताना धातू घेऊन जातो. तरी करून पाहायला हवं होतं. मी झाकणाचा एक कोपरा, नावापासून लांबचा, अर्धा इंच कॉस्टिकमध्ये बुडवला. मोजून पाच मिनिटं. पत्रा पातळ. कोपरा राहिलाच नाही.

हातमोजा काढला तेव्हा डाव्या करंगळीचं टोक नव्हतं. रक्त नाही, दुखलं नाही. गोल, गुळगुळीत, जणू कधी नव्हतंच. मच्छिंद्रने पाहिलं. त्याने झाकण पाण्याने धुतलं, फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाला, मॅडम, घरी जावा. साहेबांजवळ बसा.

२२ जानेवारी

चोवीस. पाठ, पोट, पाय, सगळीकडे चोवीस. बोटांच्या पेरांवर बारीक भेगा पडल्या आहेत. कडेला असं होतं, दोन्हीकडून वाढणारा थर कोपऱ्यावर एकमेकांना भेटत नाही.

बाबांचा चेहरा आठवून पाहिला. आठवला. पण फोटो पाहावा तसा.

भीती वाटते आहे. हे लिहून ठेवते, कारण ती वाटते आहे तोवर ठीक आहे.

२३ जानेवारी

आज सकाळी ह्यांना ताप होता. मी नेहमीसारखा कपाळावर हात ठेवला. ते किंचाळले. खुर्चीत मागे सरकत गेले आणि मुक्ताबाईंना हाका मारायला लागले, की ही कोण, काढा हिला, हिचा हात मेलेला आहे. "अहो साहेब, बाई हायेत तुमच्या," असं मुक्ताबाई म्हणत होत्या, पण माझ्या हाताला हात लागला तशा त्याही थबकल्या आणि पदर तोंडाला लावून मागे झाल्या.

मी मोरीत जाऊन बसले. माझ्या माणसाला माझा हात मेलेला वाटतो.

मग परत आले. उजवं मनगट त्यांच्यापुढे धरलं. दुसरं काय करणार होते? अंगठा आला, दोन बोटं आली. जागेवर बसली. ह्यांनी डोळे मिटले आणि श्वास सोडला. म्हणाले, केव्हाची वाट बघतोय.

आणि मला ते कळलं. त्यांच्या अंगठ्याची ऊब कळली. अंगात दुसरं काहीच कळत नाही, तिथे कळलं.

नंतर मीटर लावला. मनगटाच्या आत, अंगठ्याच्या जागी, तीन रेघा. मागे दोन बोटांच्या जागी, तीन रेघा. तिथे मी कातडीची आहे.

जिथे पकड असते तिथे थर चढत नाही.

२४ जानेवारी

कारखान्यात कळवलं, येणार नाही. कडेने थर आत सरकतो आहे. काल अंगठ्याएवढी असलेली जागा सकाळी हरभऱ्याएवढी झाली होती. तीन तास धरून ठेवल्यावर पुन्हा अंगठ्याएवढी. म्हणजे धरलेलं असलं की थांबतं. नुसतं थांबत नाही, परत येतं.

बत्तीस झाले आहेत. दिवसाला चार-पाच वाढतात. साठला थांबेल. साठपर्यंत एवढी जागा उरली, तर नंतर कायमची उरेल. बाकी अंग गेलं तर जाऊ दे. मला दुसरं काही नको. त्यांनी धरलं की त्यांना मी कळले पाहिजे.

अजून सहा दिवस.

२५ जानेवारी

दिवसभर त्यांच्या खुर्चीशी स्टुलावर बसून आहे. डाव्या हाताने लिहिते, अक्षर माफ करा सिस्टर. मुक्ताबाई दारातूनच डबा ठेवून जातात. बाईमाणसाला असं बसलेलं बघवत न्हाई, म्हणाल्या. ह्यांना भरवते. मला भूक कळत नाही.

ते मधूनमधून गप्पा मारतात. पाणी किती, पाऊस किती. मी आकडे सांगते. खरं म्हणजे मीटरचे सांगते. सदतीस. ते म्हणतात, चढतंय.

२६ जानेवारी

दुपारी त्यांना डुलकी लागली. बोटं सैल पडली. मला जाणवलं ते वासाने. जळका, धातूचा. मनगटाच्या आत, अंगठा निसटला होता तिथे, पांढरी भुकटी. खाली खळगा, तांदळाच्या दाण्याएवढा. दुखलं. देवा, किती दुखलं, आणि मी रडले, आनंदाने, दुखतं आहे म्हणून.

पण सैल पकड चालणार नाही. अर्धवट धरण्यापेक्षा—

सुती पट्टीने त्यांची बोटं माझ्या मनगटाला आवळून बांधली. घट्ट. त्यांना वाटलं सलाईन लावतात. विरोध केला नाही.

त्रेचाळीस.

२७ जानेवारी

पट्टीचा उपयोग नाही. पट्टी कापडाची. त्यांनी स्वतः धरलं पाहिजे. झोपले की खळगा वाढतो. म्हणून झोपू देत नाही. सत्तर वर्षांचा आजारी माणूस, त्याला मी झोपू देत नाही. हलवते, बोलते, पाणी मारते. ते कळवळून बघतात. कोण आहे ही बाई, का छळते, असं.

पण धरून ठेवतात. मनगट सोडत नाहीत. मनगट त्यांचंच आहे.

अठ्ठेचाळीस. गाल टकटक वाजतो.

२८ जानेवारी

विजयमाला येऊन गेली. खिचडी आणली होती. खुर्चीशी उकिडवी बसली, आमच्या हातांकडे बघत राहिली. म्हणाली, बाई, कशाला जीव काडता? सोडून द्या. साठ झालं की काय वाटत न्हाई बघा, ह्यांचं पन वाटनार न्हाई. सुटाल.

तिला वाईट नव्हतं म्हणायचं. ती प्रेमाने सांगत होती. मी म्हटलं, मला वाटायला हवं आहे.

तिने थोडा वेळ ह्यांच्या बोटांवर आपला हात ठेवून पकड आवळून धरली. म्हणजे मला जागेवरच उभं राहता आलं, पाणी पिता आलं. जाताना दारात थांबली. म्हणाली, माझ्या पोरीचं नाव पूजा हुतं. एवढंच.

त्रेपन्न. ह्यांचा ताप उतरत नाही.

२९ जानेवारी, सकाळ

छप्पन्न.

डोळ्यांची उघडझाप जड. वाचताना अक्षरं लांबून. शाळेतल्या प्रार्थनेचे शब्द येतात, चाल येत नाही.

बाबांनी झाकणावर काय कोरलं होतं ते बघायला पिशवी ओढली. कोणाचं तरी नाव आहे. वाचलं. माझं आहे.

त्यांचा अंगठा गरम आहे. फक्त तो खरा आहे. खळगा चण्याएवढा, पण भोवती कातडी जिवंत. टिकेल. साठपर्यंत टिकेल.

दुपार

सत्तावन्न. ते पेंगतात. मी पेल्यावर चमचा वाजवते. दरवाजे उघडा म्हणाले. नाही म्हटलं, अजून नाही, पातळी अजून—

३० जानेवारी, सकाळ

अठ्ठावन्न.

रात्र कशी गेली लिहीत नाही.

धरलं आहे. धरलेलं आहे.

अकरा वाजता

एकोणसाठ. अंग हलत नाही, डावा हात तेवढा. मुक्ताबाई दारात. आत या म्हणायला तोंड—

दुपार, ऊन खुर्चीवर

एकोणसाठ. थोडंच. ताप उतरला त्यांचा. घाम आला आहे. डोळे स्वच्छ. असे कधी—

माझ्याकडे बघताहेत. मनगटाकडे नाही. चेहऱ्याकडे.

सत्या म्हणाले.

सत्या, तू केव्हा आलीस. असं म्हणाले. किती थकलीस. केस पांढरे झाले. मी ओळखलं नाही तुला इतके दिवस, असंही— सगळं कळतं आहे त्यांना. पाणी आलं डोळ्यांत त्यांच्या. दोन वर्षं मी याची—

मनगट धरलेलं आहे. तीन रेघा. अजून तीन रेघा.

म्हणताहेत, तुझ्या गालाला काय झालं. इकडे ये. बघू.

मनगट धरलेला उजवा हात उचलायला बघताहेत. माझ्या गालाकडे. मी म्हणते आहे, नको, सोडू नका, जरा वेळ, इतका जरासा वेळ— आवाज बाहेर— ओठ—

अहो धरा

ते हसताहेत. तसेच, धरणाच्या भिंतीवरचे. घाबरू नकोस म्हणताहेत, मी आहे ना.

एक बोट सुटलं. वास—

दुसरं